बुजरा घोडा : हाताळणी आणि खरारा

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले चांदवड हे तालुक्याचे गाव वाटसरूंच्या आणि घोड्यांच्या रहदारीला पूर्वापार परिचित आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाशी जोडला गेलेला रंगमहाल आजही येथे उभा आहे. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर (१६९३-१७६६) यांच्या पराक्रमाचा पाया घोडदळ हाच होता. दख्खन आणि माळवा यांना जोडणाऱ्या या वाटेवरून त्या काळी घोड्यांच्या किती टापा उमटल्या असतील, त्याची गणती नाही.

काळ बदलला. फौजांचे घोडे इतिहासजमा झाले. तरीही या परिसरातून घोडा नाहीसा झालेला नाही. लग्नसराईत नवरदेवाला मिरवणारी वरातीची घोडी, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी काटक तट्टे, टांग्याचे घोडे आणि हौसेने पाळलेले घोडे अशा अनेक रूपांनी तो ग्रामीण जीवनात टिकून आहे. चांदवडहून मनमाडमार्गे गाठता येणाऱ्या येवल्यात मंगळवारच्या आठवडे बाजाराला घोड्यांचीही खरेदी-विक्री होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार तर राज्याबाहेरही प्रसिद्ध आहे. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या भीमथडी घोड्याची २०२३-२४ मध्ये देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

बाजारातून नवे जनावर दारात आले की पुष्कळदा एकच तक्रार ऐकू येते : “घोडा बुजतो.” हात लावू देत नाही, खूर उचलू देत नाही, खरारा पाहताच अंग चोरतो, वाजंत्री ऐकताच उधळतो. अशा घोड्याला ‘खोडीचा’ ठरवून मारणे, करकचून बांधणे किंवा मिळेल त्या किमतीस विकून टाकणे हा नेहमीचा मार्ग होय. विकत घेणाऱ्याच्या हातीही तो तसाच बुजरा राहतो. प्रत्येक नव्या दारात त्याची भीती वाढते आणि अखेरीस कोणाला तरी लाथ बसते. ज्या कुटुंबाची रोजी एका घोडीवर अवलंबून असते, त्या कुटुंबाला अशी एक लाथ किंवा असे एक उधळणे होत्याचे नव्हते करून टाकू शकते. म्हणूनच बुजण्याचे कारण समजून घेणे आणि ते दूर करण्याची रीत शिकणे अगत्याचे आहे. ही रीत खर्चाची नाही. रोजच्या खराऱ्यातच ती सामावलेली आहे.

बुजणे हा दोष नव्हे

घोडा हा मूळचा मोकळ्या माळरानावर कळपाने राहणारा, गवत खाणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. हिंस्र श्वापदापासून वाचण्याचा त्याचा एकच उपाय म्हणजे धोका वेळीच ओळखणे आणि पळणे. पळता आले नाही, तरच तो लाथ मारतो किंवा चावतो. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहूनही हा स्वभाव बदललेला नाही. घोडा बुजतो, तेव्हा आपला जीव वाचविण्याचे काम तो आपल्या परीने करीत असतो.

त्याची शरीररचनाही याच कामासाठी घडलेली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळविता सभोवारचा जवळजवळ सर्व भाग, म्हणजे सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. केवळ दोन जागा त्याच्या नजरेआड राहतात. एक कपाळाच्या अगदी पुढची आणि दुसरी शेपटीच्या थेट मागची. या जागांतून अचानक आलेला हात मित्राचा की शत्रूचा, हे त्याला कळत नाही. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ या म्हणीतील दुसऱ्या अर्ध्या भागाला असा शास्त्रीय आधार आहे.

घोड्याचे कान स्वतंत्रपणे सर्व दिशांना फिरतात आणि माणसाला ऐकू न येणारे काही सूक्ष्म आवाजही टिपतात. त्याची त्वचा इतकी नाजूक असते की अंगावर बसलेली एक माशीही त्याला जाणवते आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो ती उडवितो. अशा त्वचेवर लोखंडी खरारा जोराने घासला, तर घोड्याने अंग चोरावे यात नवल ते काय? याखेरीज घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. एकदा ज्या जागी, ज्या वस्तूने किंवा ज्या माणसाकडून त्याला वेदना झाली, ती गोष्ट तो सहसा विसरत नाही. त्याचप्रमाणे जेथे त्याला सुख लाभले, ती जागाही तो विसरत नाही. बुजऱ्या घोड्याच्या शिक्षणाचा सारा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आधी दुखणे पाहावे

शांत असलेला घोडा एकाएकी बुजू लागला, तर प्रथम दुखण्याचा शोध घ्यावा. खोगिराखाली पाठीला पडलेली जखम, तंगाच्या पट्ट्याने काखेत झालेले घर्षण, दाढांना आलेली टोके, डोळ्याचा विकार, खुरात रुतलेला खडा किंवा चुकीचा ठोकलेला नाल यांपैकी कोणतेही कारण घोड्याला हातापासून दूर सरायला लावते. अशा वेळी शिस्त लावण्याचा प्रयत्न केल्यास दुखण्यात भीतीची भर पडते. म्हणून पशुवैद्यकाकडून तपासणी हीच पहिली पायरी समजावी.

घोड्याची भाषा

घोडा बोलत नाही. परंतु त्याचे अंग बोलते. कान टवकारून एकाच दिशेला रोखणे, मान उंच करणे, नाकपुड्या फुलविणे, फुरफुरणे, डोळ्यातील पांढरा भाग दिसू लागणे, शेपूट घट्ट दाबून धरणे, अंग ताठरणे ही भीतीची चिन्हे होत. कान मागे पाडून मानेला चिकटविणे आणि मागचा भाग माणसाकडे वळविणे हा स्पष्ट इशारा असतो. तो पाहूनही पुढे जाणाऱ्यास लाथ बसली, तर घोड्याने सूचना दिली नव्हती असे म्हणता येत नाही.

याउलट मान खाली सोडणे, ओठ चाटणे किंवा चघळल्यासारखे तोंड हलविणे, दीर्घ श्वास सोडणे, डोळे अर्धवट मिटणे, मागचा एक पाय सैल टेकवून उभे राहणे ही ताण उतरल्याची लक्षणे आहेत. हाताळणाऱ्याने आपले प्रत्येक पाऊल या चिन्हांकडे पाहून टाकावे.

जवळ जाण्याची रीत

घोड्याजवळ जाताना समोरून किंवा मागून न जाता डाव्या बाजूने, खांद्याच्या रोखाने तिरके जावे. जाण्यापूर्वी शांत आवाजात बोलून आपण येत असल्याची जाणीव द्यावी. रोज एकच हाक, एकच सूर ठेवावा. डोळ्याला डोळा भिडवून, हात उगारून किंवा धावत जाऊ नये. घोड्याने मान वर केली किंवा पाऊल मागे घेतले, तर तेथेच थांबावे. तो निवळला की मगच पुढचे पाऊल टाकावे.

पहिला हात तोंडावर ठेवू नये, खांद्यावर ठेवावा. तेथून हात हळूहळू मान आणि पाठ जेथे मिळतात त्या उंचवट्याकडे न्यावा आणि ती जागा बोटांनी खाजवावी. कळपातील घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची नेमकी हीच जागा दातांनी खाजवितात. दक्षिण फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या जागी खाजविल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात आढळून आले. आपल्याकडील जाणते मोतद्दार घोड्याला चुचकारताना मानेच्या बुंध्यावर हात फिरवितात, त्यामागील मर्म हेच आहे.

म्होरकीची दोरी कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नये. घोडा उधळल्यास माणूस फरफटत जाण्याचा धोका असतो. बांधावयाचे झाल्यास भक्कम खुंटाला, घोड्याच्या छातीपेक्षा खाली नसेल अशा उंचीवर आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधावे. अत्यंत बुजऱ्या घोड्याला पहिले काही दिवस न बांधता दुसऱ्या जाणत्या माणसाने सैल दोरीवर धरणे अधिक चांगले. धरणारा आणि खरारा करणारा या दोघांनी घोड्याच्या एकाच बाजूला उभे राहावे. त्यामुळे बाजूला सरायला घोड्याला जागा मिळते आणि कोणीही मध्ये सापडत नाही.

खराऱ्याचा क्रम

खरारा म्हणजे केवळ धूळ झाडणे नव्हे. मळ, घाम आणि गळालेले केस निघाल्याने कातडी निरोगी राहते, रक्ताभिसरण सुधारते आणि घोड्याच्या सर्वांगावरून रोज हात फिरल्याने गोचीड, सूज, जखम किंवा अंगातील उष्णता वेळीच ध्यानात येते. बुजऱ्या घोड्याच्या बाबतीत याहून मोठा लाभ म्हणजे माणसाचा हात सुखाचा असतो, हा धडा त्याला रोज मिळतो.

आरंभी खरारा हाती न घेता केवळ तळहाताने किंवा मऊ फडक्याने अंग पुसावे. नवे साधन आधी घोड्याला हुंगू द्यावे, मग खांद्याला अलगद टेकवून लगेच काढून घ्यावे. घोडा शांत उभा राहिला की हात काढावा, हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. घोडा हलताच हात काढल्यास हलले की सुटका होते, असे तो शिकतो. तो शांत असताना हात काढल्यास शांत राहण्यातच सुटका आहे, हे त्याला उमगते. म्हणून हात टेकविण्याचा अवधी सुरुवातीला दोन-तीन क्षणांचाच ठेवावा आणि दिवसागणिक वाढवावा.

घोडा याला सरावला की नेहमीचा क्रम धरावा. प्रथम रबरी खराऱ्याने मान, खांदा, पाठ आणि पुठ्ठा या मांसल भागांवर हलक्या हाताने गोल फिरवून मळ सैल करावा. हाडाळ भागांवर, गुडघ्यांखाली आणि तोंडावर खरारा फिरवू नये. नंतर केसांच्या दिशेने ब्रश फिरवावा. एका हाताने ब्रश चालविताना दुसरा हात घोड्याच्या अंगावर टेकलेला असावा. त्यामुळे माणूस कोठे आहे हे घोड्याला सतत कळते आणि त्याचे अंग ताठरले तर हाताळणाऱ्यालाही आधीच सूचना मिळते. पोट, कूस आणि जांघ या गुदगुल्यांच्या जागा शेवटी घ्याव्यात. तेथे चाचरत हात फिरवू नये. स्थिर पण मऊ दाब द्यावा. तोंड, डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्या ओल्या मऊ फडक्याने पुसाव्यात. आयाळीचा गुंता बोटांनी, खालून वर सोडवावा. शेपूट विंचरताना मागे न राहता पुठ्ठ्याच्या बाजूला उभे राहून ती आपल्याकडे ओढून घ्यावी. एका बाजूकडून दुसरीकडे जाताना हात पुठ्ठ्यावर ठेवून अगदी अंगालगत जावे किंवा लाथेच्या टप्प्याबाहेरून लांबून वळसा घालावा. मधले अंतर सर्वांत घातक असते.

हे सारे सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे पुरे. एकाच दिवशी तासभर झुंजण्यापेक्षा रोजची थोडी आणि ठरल्या वेळची हाताळणी अधिक फळ देते. काम नेहमी घोडा शांत असतानाच थांबवावे.

खुरांची काळजी

बुजरा घोडा पाय देण्यास सर्वाधिक घाबरतो. कारण पाय धरला गेला की त्याचा पळण्याचा मार्ग बंद होतो. यासाठी शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभे राहावे, हात खांद्यावरून पायाच्या मागील बाजूने खाली न्यावा आणि टाचेच्या वर हलकेच दाबावे. पाय उचलला की क्षणभर धरून आपणहून खाली ठेवावा. त्याने हिसकण्यापूर्वी ठेवावा, हे महत्त्वाचे. काही दिवसांत हा अवधी वाढतो. खूर साफ करताना खडे आणि माती टाचेकडून पुढच्या दिशेने काढावी. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाला इजा होऊ देऊ नये. घोड्याजवळ गुडघे टेकून किंवा बसकण मारून काम करू नये. केव्हाही चटकन दूर होता येईल असे वाकून करावे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. खुरात खिळा रुतल्यास धनुर्वाताचा धोका संभवतो. घोड्यात हा रोग विशेष घातक असल्याने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस टोचून घ्यावी.

एका घोड्याचा खरारा आणि ब्रश दुसऱ्यासाठी वापरू नये. त्वचारोग अशा साधनांतूनच पसरतात. नाकातून घट्ट स्राव येणे, अंगावर गाठी उठून फुटणे ही ग्लँडर्स या रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. अशा घोड्याला इतरांपासून अलग ठेवून तत्काळ पशुसंवर्धन विभागास कळविले पाहिजे. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

काय करू नये

नाक दोरीने पिळणे, कान धरून लोंबकळणे, पाय जखडून खरारा करणे, चाबकाने ‘भीती मोडणे’ हे उपाय क्षणभर यशस्वी झाल्यासारखे वाटतात. घोडा थिजून उभा राहतो आणि मालकाला तो शांत झाला असे वाटते. वस्तुतः थिजणे आणि शांत होणे यांत मोठे अंतर आहे. थिजलेला घोडा संधी मिळताच दुप्पट जोराने उसळतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये संमत झाला. त्याखालील ओढकाम व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार अणकुचीदार काठी किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास मनाई आहे. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काळ कामास जुंपता येत नाही. ज्या भागात तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याच्याकडून काम घेता येत नाही. तट्टाच्या पाठीवर ७० किलोग्रॅमपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. उन्हाळी लग्नसराईत आणि मेंढपाळांच्या स्थलांतरात या तरतुदींची आठवण ठेवणे विशेष गरजेचे आहे.

वरातीतील घोडी

बुजऱ्या घोड्याची खरी कसोटी वरातीत लागते. फटाके, ध्वनिक्षेपकांच्या भिंती, झगमगते दिवे आणि चारही बाजूंनी दाटलेली माणसे यांमुळे पळण्याची वाट बंद होते. अशा वेळी शिकविलेली घोडीही बिथरू शकते आणि पाठीवर नवरदेवासह एखादे लहान मूलही बसलेले असते. घोडीला या कामासाठी तयार करावयाचे तर वाद्यांचा आवाज प्रथम दुरून आणि मंद ऐकवावा. ती निर्धास्तपणे वैरण खाऊ लागली की मगच आवाज आणि जवळीक टप्प्याटप्प्याने वाढवावी. सरावलेल्या दुसऱ्या घोड्याची सोबत दिल्यास नवे जनावर लवकर धीट होते. कारण कळपातील सोबती शांत असेल, तर धोका नाही असे घोडा मानतो.

परंतु केवळ घोडी शिकवून भागणार नाही. वरातीतील माणसांनाही काही पथ्ये पाळावी लागतील. घोडीच्या जवळपास फटाके उडवू नयेत, मागे आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी, तिच्या ओळखीचा मोतद्दार सतत तिच्या डोक्याशी असावा आणि तिला मागच्या दोन पायांवर नाचविण्याचा आग्रह धरू नये. घोडी ताठरल्याची चिन्हे दिसताच नवरदेवाला खाली उतरविण्यात कोणताही अपशकुन नाही.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

महाराष्ट्राला घोड्याच्या निगेची परंपरा नवी नाही. सभासदाच्या बखरीतील वर्णनानुसार शिवकाळात पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात दाणा-वैरण जपून वापरावी, अन्यथा घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूण भागातील आपल्या अधिकाऱ्यांना पत्राद्वारे दिली होती. घोड्याची देखभाल हा त्या राज्यकारभाराचाच एक भाग होता.

आज ती जबाबदारी लहान प्रमाणावर का होईना, गावाने उचलण्यासारखी आहे. बाजार आणि यात्रा भरणाऱ्या गावांच्या पंचायतींना घोड्यांसाठी सावली, पाण्याचे हौद आणि गर्दीपासून अलग बांधण्याची जागा राखून ठेवता येईल. वरातीच्या मार्गावर घोडीपासून किती अंतरावर फटाके उडवावेत, याबाबत ग्रामसभेत एकमताने संकेत ठरविता येईल. घोडेमालक आणि मेंढपाळ यांच्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या साह्याने खुरांच्या तपासणीचे आणि खराऱ्याच्या प्रात्यक्षिकाचे शिबिर घेणे अवघड नाही. शिक्षकांना तर याहून सोपे काम आहे. घोड्याच्या मागून जाऊ नये, त्याला दगड मारू नये, मालकाला विचारल्याविना हात लावू नये आणि त्याच्या कानांकडे पाहून त्याचे मन ओळखावे, एवढे चार धडे मुलांना दिले, तरी अनेक अपघात टळतील.

बुजरा घोडा एका दिवसात धीट होत नाही. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. ज्यांच्या वाट्याला फार मार आला आहे, अशा काही घोड्यांची भीती पूर्णपणे जात नाही. अशा जनावरांना गर्दीच्या कामाला न लावणे हाच शहाणपणा ठरतो. इतरांच्या बाबतीत मात्र ठरल्या वेळी येणारा, ओळखीची हाक देणारा आणि दुखविल्याशिवाय थांबणारा हात हेच औषध आहे. ते कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. परंतु प्रत्येक मोतद्दाराजवळ, प्रत्येक मेंढपाळाजवळ आणि प्रत्येक घोडेमालकाजवळ ते असू शकते. त्याचा उपयोग वाढला, तर घोड्याचे आयुष्य सुसह्य होईल, मालकाची रोजी सुरक्षित राहील आणि मिरवणुकीतील आनंदाला गालबोट लागणार नाही.